गोटीचा घोट

दूध तोंडात घ्यायचं पण गिळायचं नाही, आणि त्याचा पगार मिळतो, हे सासूबाईंना सून घरात आल्यावर कळलं. पटलं मात्र आजवर नव्हतं.

"थुंकायचे पैसे देतात होय गं तुला?" त्या पहिल्याच महिन्यात म्हणाल्या होत्या. "आम्ही थुंकलो असतो तर थोबाडीत बसली असती."

सून दूध चाखणारी होती. दुधाच्या कारखान्यात, पार मागच्या अंगाला, जिथं यंत्रांचा धडधडाट भिंतीतून नुसता पाझरल्यासारखा येतो, तिथं चवखोली होती. पांढऱ्या फरशीची, थंडगार, मुक्या माणसासारखी शांत. आत येताना अत्तर लावायचं नाही, कच्चा कांदा खायचा नाही, सर्दी झाली तर सरळ घरी जायचं. लाकडी आडोशांनी केलेले कप्पे होते आणि प्रत्येक कप्प्यात एक खुर्ची, एक इवलंसं बेसिन, कोमट पाण्याचा पेला. कारखान्यात दुधानं भरलेल्या कागदी खोक्यांतली काही रोज इथं उघडायची. मग घोट घ्यायचा, ओठ मिटायचे, दूध जिभेवरून टाळूला आणि टाळूवरून गालांत फिरवायचं. ओठांच्या फटीतून बारीक हवा आत ओढायची, म्हणजे वास नाकाच्या मागच्या दारानं वर चढतो. आणि मग सगळं बेसिनमध्ये सोडून द्यायचं. गिळत बसलं तर जीभ जड होते, पोट भरतं आणि चव मरते.

हे सगळं होताना चेहरा कोरा. एकाची भुवई वर गेली की शेजारच्याची जीभ बिघडते.

"लॉटरी लागली तरी इथं तोंड हलवायचं नाही," शेजारच्या कप्प्यातले नाकवाले काका नव्या माणसाला बजावत. आणि मग हिच्याकडे बोट दाखवत. "हिच्याकडे बघून शिका. भिंतसुद्धा हिच्यापेक्षा जास्त बोलते."

ती होतीच तशी. दूध आचेवर जरा जास्त रेंगाळलं की तिला कळायचं. गाईनं काय खाल्लं असेल याचा अंदाज ती करायची. त्या खुर्चीवर बसलं की तिला आपण कुणीतरी आहोत असं वाटायचं. गर्वानं नव्हे. एखाद्या पाखराला आपली फांदी सापडावी, तसं.

लेक झाल्यावर ती फांदी सुटायची वेळ आली होती. गोटी तिचं नाव. खरं नाव दुसरंच होतं, पण जन्मली तेव्हा डोळे असे वाटोळे, काळे, चकचकीत, की बाप म्हणाला, "ही तर गोटी!" आणि तेच चिकटलं. गोटी दीड वर्षाची होईस्तोवर आई अर्धा वेळच कामावर जात होती आणि घरी सासूबाई होत्या. आता सासूबाईंच्या लेकीचे दिवस भरत आले होते आणि त्यांना तिकडं जायचं होतं. इकडं कारखान्यातून निरोप आला होता, पुढच्या महिन्यापासून पूर्ण वेळ या, नाहीतर खुर्ची दुसऱ्याला द्यावी लागेल. म्हणजे गोटीला पाळणाघरात ठेवायला हवं होतं.

पाळणाघर गल्लीच्या टोकालाच होतं. तिथल्या ताई मायाळू, पण नियमाच्या पक्क्या. मागं एकदा उन्हाळ्यात कुणाच्या तरी बाटलीतलं दूध नासलं आणि मुलं आजारी पडली. तेव्हापासून ताईंनी ठरवूनच टाकलं होतं, घरून येणारं दूध बंद खोक्यातलं हवं, पोराच्या समोर उघडलं जाईल असं. सुटं दूध चालणार नाही.

"घ्या!" सासूबाई म्हणाल्या. "म्हणजे माझी नात खोक्यातलं दूध पिणार. महिनोन्महिने नासत नाही ते दूध कसलं? देवानं नासायला सांगितलंय दुधाला."

"आई, ते खूप तापवून बंद केलेलं असतं, म्हणून टिकतं. आत काही घातलेलं नसतं. मी रोज बघते."

"तू बघतेस आणि थुंकतेस. पिताना मी नाही पाहिलं कधी."

नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. आयुष्य दोन मजल्यांच्या मध्ये अडकलेल्या माणसांना धीर देण्यात गेलेलं, त्यामुळं घरातही तो कुणाची बाजू घेत नसे. "दोघींचंही बरोबर आहे," तो म्हणाला आणि पाना शोधायला उठून गेला.

सासूबाई गोटीला कोपऱ्यावरच्या दूधवाल्याचं दूध द्यायच्या. पातेलं मंद आचेवर ठेवून त्या शेजारी उभ्या राहायच्या, दुधाला एकटं सोडायच्या नाहीत, आणि हलक्या आवाजात स्वतःच जुळवलेलं काहीतरी गुणगुणायच्या:

मंद आचेवरी दूध, साय धरी चांदण्याची,
माझ्या गोटीच्या ओठाला, मिशी फुटे गं लोण्याची.

मग दोन वाट्या भरायच्या, एक आजीची, एक नातीची. आजी घोट घ्यायची, नात घोट घ्यायची. वाट्या रिकाम्या व्हायच्या तेव्हा दोघींनाही पांढऱ्या मिशा असायच्या.

पाळणाघराची सवय व्हावी म्हणून आईनं आधी घरीच खोकं आणायला सुरुवात केली. आपल्याच कारखान्याचं, साधं, गोड न केलेलं दूध. गोटी तिच्या उंच खुर्चीवर बसलेली असायची. आई खोकं कापायची, पेल्यात थोडं ओतायची आणि लेकराच्या तोंडी देण्याआधी स्वतः चाखून बघायची. सगळ्याच आया बघतात. घोट, ओठ बंद, जीभ, टाळू, गाल, बारीक हवा, आणि बेसिनकडे वळून पिचकारी. मग पेला गोटीपुढं.

गोटी घोट घ्यायची. क्षणभर तोंडातच धरायची. आणि फुर्र करून सगळं अंगावर.

"कळतं हो लेकराला!" सासूबाई म्हणायच्या. त्यांना वाईट वाटायचं, आणि आनंदही लपवता येत नसे. "तिच्या जिभेला कुणी फसवू शकत नाही. आईचीच जीभ आहे ना!"

हे वाक्य आईच्या मनात रुतून बसलं. आईचीच जीभ. म्हणजे चवीचाच प्रश्न आहे तर! आणि चवीच्या प्रश्नात ती कुणाला हार जाणारी नव्हती. तिनं दुकानातून वेगवेगळ्या कारखान्यांची खोकी आणली. स्वयंपाकघरातच चवखोली थाटली. एकसारखे छोटे पेले ओळीनं मांडले, मध्ये कोमट पाणी ठेवलं. कुठलं दूध जास्त तापलेलं, कुठलं पातळ, कुठल्याला किंचित कागदाचा वास, सगळं चाखून, थुंकून, पारखून तिनं त्यातलं सगळ्यांत निर्मळ निवडलं, आणि ते निघालं तिच्याच कारखान्याचं. गोटी खुर्चीवरून डोळे विस्फारून बघत होती, सर्कशीला आल्यासारखी.

निवडलेलं दूध गोटीनंही तोंडात घेतलं. आणि थुंकलं. अगदी नीट, खुर्चीच्या कडेवरून वाकून.

"अंगावर नाही उडवलं या वेळी," नवरा म्हणाला. "प्रगती आहे."

त्याला हसायला येत होतं, तिला येत नव्हतं. कुणाला सांगितलं नसतं तिनं, पण ते खोकं तिला नकोसं वाटायचं. कामावर हेच दूध तिला चोख वाटायचं. लेकीच्या समोर आलं की वाटायचं, या खोक्यात दूध नाही, माझी गैरहजेरी भरलीय. मी नसणार, म्हणून हे असणार. असल्या दुधाला लेकरू नाही म्हणालं, तर त्याचं काय चुकलं?

तरी पाळणाघर सुरू झालं, कारण महिना थांबत नव्हता. ताई म्हणाल्या, आठवडाभर बघू. रुळली तर ठेवू.

सकाळी दाराशी आईबापांची गर्दी असायची. पोरं आत सोडायची आणि मतं बाहेर मांडायची. एक चष्मेवाला बाप होता. तो खोक्यावरची बारीक अक्षरं उन्हाकडं धरून वाचायचा आणि सगळ्यांना वाचून दाखवायचा. जुळ्यांची आई नियमापुरती खोकी आणायची, पण भक्त होती डब्यातल्या भुकटीची, डब्यावर पदवीची टोपी घातलेलं बाळ होतं म्हणून.

"बुद्धी वाढते म्हणे," ती सांगायची.

"कुणाची? विकणाऱ्याची?" चष्मेवाला विचारायचा.

"तुम्ही सांगा ना हो," जुळ्यांची आई गोटीच्या आईकडे वळायची. "तुम्ही तर तिथल्याच. तुमच्या घरी कुठलं पितात?"

 "मुलीसाठी हेच आणते," ती हातातलं खोकं दाखवायची आणि कामाला उशीर होतोय म्हणून सटकायची.

दोनतीन दिवसांतच भलतंच झालं. दुपारी ताईंचा फोन आला.

"अहो, तुमची गोटी दूध थुंकते, ते मी समजू शकते. पण आता सगळेच थुंकायला लागलेत. ओळीनं! हात धुवायचं बेसिन आहे ना, तिथं रांग लावतात."

संध्याकाळी ती न्यायला गेली तेव्हा दारातली कुजबुज ती दिसताच थांबली. मग चष्मेवाल्यानं घसा साफ केला.

"एक विचारू? राग मानू नका. कारखान्यातल्या बाईची मुलगी जर ते दूध तोंडात धरत नसेल, तर आतल्या गोटातली बातमी काहीतरी असणारच ना?"

"तसं काही नाही. दूध चांगलं आहे."

"मग पीत का नाही ती?"

ती वाकून गोटीच्या पायात चपला सरकवू लागली. जुळ्यांच्या आईनं आपल्या दोन्ही पिशव्यांतली खोकी गुपचूप काढून घेतली. आणखी दोघांनी तसंच केलं.

सगळे पांगल्यावर ताई तिला बाजूला घेऊन म्हणाल्या, "तुम्ही वाईट वाटून घेऊ नका. पण दिवसभर मुलं दुधावाचून राहिली तर मला झेपायचं नाही. उद्या संध्याकाळच्या दुधाच्या वेळी तुम्ही स्वतः या, डोळ्यांनी बघा. काही उपाय सुचला तर ठीक. नाहीतर..." ताईंनी वाक्य पुरं केलं नाही. पुढं काय ते दोघींनाही माहीत होतं. गोटी घरी, म्हणजे आई घरी, म्हणजे खुर्ची दुसऱ्याची.

दुसऱ्या दिवशी ती कामावरून लवकर निघाली. सासूबाईही हटून बरोबर आल्या. "मला बघू दे, माझ्या नातीचे काय हाल चाललेत ते."

ताईंनी दोघींना खेळण्यांच्या कपाटाआड उभं केलं. खोली उजळ होती. बुटकी टेबलं, बुटक्या खुर्च्या, भिंतीवर मुलांच्या रंगीत हातांचे ठसे. दुधाची वेळ झाली. ताईंनी गोटीच्या समोर खोकं उघडलं, पेल्यात ओतलं. बाकीची मुलं आपले पेले विसरून गोटीकडं बघू लागली. खेळ सुरू होण्याची वाट बघतात तशी.

गोटीनं घोट घेतला. ओठ घट्ट मिटले. मान किंचित एका बाजूला झुकली. गाल आधी डावा फुगला, मग उजवा. मग ओठांच्या फटीतून आवाज आला, स्स्स्, अगदी बारीक.

हवा चांगली ओढली, आईच्या मनात आलं. ओठ सुटले नाहीत. नव्या माणसांना हे शिकायला किती दिवस लागतात!

गोटीची नजर समोरच्या भिंतीवर स्थिर होती. चेहऱ्यावर काही नाही. आवड नाही, नावड नाही, काही म्हणजे काही नाही. मग ती उतरली, तुरुतुरु बेसिनपाशी गेली, टाचा उंचावून वाकली आणि एक थेंब इकडंतिकडं न सांडता दूध सोडून दिलं. मग मागं वळून पुढच्या मुलाला जागा करून दिली.

आणि तेव्हा आईच्या अंगावर सर्रकन काटा आला.

"अगं बाई," सासूबाई कपाटाला धरून पुटपुटल्या. "नाकडोळ्यांनी बापावर गेली, पण थुंकणं आईचं!"

लेकराला दूध नावडलंच नव्हतं. खोक्यातल्या दुधाचं काय करायचं असतं, ते तिनं पाहून ठेवलं होतं. पातेल्यातलं प्यायचं असतं, आजी पिते. खोक्यातलं फिरवायचं असतं आणि थुंकायचं असतं, आई तसंच करते. रोज, न चुकता, तिच्या डोळ्यांदेखत. एवढ्या चवी पारखल्या आणि एवढी साधी गोष्ट नजरेतून सुटली! तिला हसू फुटलं आणि हसताहसताच डोळे भरून आले. सासूबाईंनी पदरानं आधी तिचे पुसले, मग स्वतःचे.

तोवर न्यायला येणाऱ्यांची चाहूल लागली. चष्मेवाला आला, जुळ्यांची आई आली, आणखी कुणी कुणी आले. गोटीची आई कपाटाआडून बाहेर आली आणि तिनं सगळ्यांना सगळं सांगून टाकलं. आपलं काम काय, कसं चाखतात, घरी काय झालं. सांगतासांगता करूनही दाखवलं. ओठ, गाल, हवा. मुलांना इतका आनंद झाला की दोघातिघांनी ताबडतोब साथ दिली.

सगळे हसले. चष्मेवालाही हसला, पण चष्मा सारखा करत म्हणाला, "हे पटलं. पण एक राहिलं. तुम्ही स्वतः हे दूध पिता का?"

 खोटं बोलणं सोपं होतं.

"नाही," ती म्हणाली. "कुठलंच दूध पीत नाही. कामाला लागले तेव्हापासून एक घोट गिळलेला नाही." मग तिनं पुढं सांगितलं, "आणि खरं सांगू? मुलीला देताना माझं मनही मागं ओढायचं. दूध वाईट म्हणून नाही. मी तिच्याजवळ नसणार म्हणून."

जुळ्यांची आई पटकन जमिनीकडं बघू लागली. चष्मेवाल्यानं चष्मा काढून उगाचच पुसला. सगळ्यांच्याच पिशव्यांत तेच, गैरहजेरीचं दूध होतं.

ती खाली, बुटक्या खुर्चीवर बसली. गुडघे हनुवटीला टेकले. ताईंनी पेला भरून हातात दिला. गोटी समोर येऊन उभी राहिली, गुरुजींसारखी.

आईनं घोट घेतला. जीभ लगेच कामाला लागली. जरा तापलेलं, अंगानं भरीव, स्वच्छ. घोट घशाच्या उंबऱ्याशी येऊन अडला. इतक्या वर्षांची शिस्त, दार उघडेना. डोळे आपोआप बेसिन शोधू लागले आणि चेहरा कोरा पडू लागला. तिनं गोटीकडं पाहिलं. ते वाटोळे डोळे तिच्या चेहऱ्यावर असे खिळले होते, जणू जगात कसं वागायचं हे तिथंच लिहिलेलं आहे.

तिनं गिळलं. आणि अंगातून काहीतरी मऊ उतरत गेलं, विसरलेलं, लहानपणीचं. "आहा," ती म्हणाली. मुद्दाम म्हणायचं ठरवलं होतं, पण निघालं ते खरंच.

गोटी पुढं आली. तिनं आईच्या गळ्यावर बोट ठेवलं. मग हनुवटी खाली ओढून तोंडात डोकावली.

"गेलं?"

"गेलं."

"कुथं?"

आईनं पोट दाखवलं. गोटीनं पोटाला हात लावला, विचार केला आणि आपला पेला मागितला. घोट घेतला. गाल डावा, गाल उजवा. ओठांतून स्स्स्.  गोटीनं बेसिनकडं पाहिलं, आईकडं पाहिलं, पुन्हा बेसिनकडं पाहिलं.

आणि गिळलं. मग स्वतःच्या गळ्यावर बोट ठेवून, मोठी चोरी साधल्यासारखी, खुदकन हसली.

"अरे वा!" चष्मेवाला ओरडला, आणि मग आपण ओरडलो याचं त्यालाच नवल वाटलं.

सगळी मुलं लगेच सुतासारखी सरळ झाली असं नाही. जुळ्यांतल्या एकानं गिळलं, दुसऱ्याला बेसिनचाच लळा लागला होता. तेव्हा जुळ्यांच्या आईनं पर्स बाजूला ठेवली, एक बुटकी खुर्ची ओढली आणि म्हणाली, "ताई, मलाही द्या थोडं. कॉलेजपासून नाही प्यायले मी." मग चष्मेवाला बसला. त्याची खुर्ची करकरली. थोड्याच वेळात ऑफिसातून, दुकानांतून, कामावरून दमून आलेली ती सगळी मोठी माणसं ओळीनं बुटक्या खुर्च्यांवर गुडघे पोटाशी घेऊन दूध पीत होती आणि पोरं एकेकाच्या गळ्याला हात लावून तपासत होती, खरंच गेलं का ते.

सासूबाईंनी गोटीचं उरलेलं संपवलं. "वाया कशाला घालवायचं," म्हणाल्या. मग ओठ चाटून त्यांनी निकाल दिला, "थोडं जास्त शिजलंय. आणि साय नाही. पण दूध आहे हो, नाही म्हणता यायचं नाही. मी परत आले की घरी मात्र पातेल्यातलंच हं."

"घरी पातेल्यातलंच," सून म्हणाली. "आई, तुम्हाला आमच्या चवखोलीत घ्यायला हवं. बरोबर ओळखलंत."

"आणि थुंकत बसू? छे! मी पिणारी बाई."

ताई खोकी गोळा करत होत्या. गोटीचं रिकामं खोकं चपटं करता करता त्या म्हणाल्या, "सोमवारी वेळेवर आणा हिला. आणि दोन खोकी द्या बरोबर. एक पुरायचं नाही."

"आणते," आई म्हणाली. गोटी तिच्या खांद्यावर आडवी झाली होती. तिच्या उबदार श्वासाला दुधाचा वास येत होता. कुठल्या दुधाचा, हे पारखायचं आईच्या ध्यानातही आलं नाही.